बाराखडी संपण्याची वाट न पाहता: प्राथमिक शाळेत वाचन-लेखन कसे शिकवावे

दुसरीच्या वर्गात एक मुलगी उभी राहून धडा वाचत होती. आवाज खणखणीत होता, विरामचिन्हांपाशी ती थांबतही होती आणि पानावरचे बोट शब्दांबरोबर सरकत असल्यासारखे लांबून दिसत होते. जवळ जाऊन पाहिले तेव्हा बोट दुसऱ्या ओळीवर होते आणि आवाज चौथ्या ओळीत पोचला होता. पुस्तक मिटून “पुढे म्हण” असे सांगितल्यावर तिने उरलेला धडा न अडखळता पूर्ण केला. मग त्याच धड्यातला ‘पाऊस’ हा शब्द कोऱ्या कागदावर लिहून तिच्यापुढे ठेवला आणि ती गप्प झाली. तिच्या वहीत मात्र तो धडा दोनदा सुवाच्य अक्षरात उतरवलेला होता आणि त्याखाली लाल शाईची बरोबरची खूणही होती.

या मुलीला वाचता येत नव्हते आणि लिहिताही येत नव्हते, पण वर्गातल्या कोणत्याही रोजच्या कामात ते उघडे पडत नव्हते. सामूहिक वाचनात तिचा आवाज सगळ्यांच्या आवाजात मिसळत होता, अनुलेखनात तिचा हात चित्र काढावे तसा अक्षरे काढत होता आणि बाराखडी तर ती गाण्यासारखी म्हणत होती. वाचन-लेखनाच्या अध्यापनात सुधारणा करायची असेल तर पहिला बदल इथेच करावा लागतो: मूल जे करताना दिसते ते वाचन आहे की पाठांतर, लेखन आहे की नक्कल, हे शिक्षकाला रोज कळेल अशी कामाची रचना करावी लागते. पुढील आखणी पहिली ते चौथीच्या मराठी वर्गांसाठी आहे. तिला वेगळे साहित्य फारसे लागत नाही. वेळापत्रक मात्र थोडे मोडावे लागते.

पहिली पायरी: प्रत्येक मुलाचे वाचन एकेकट्याने ऐकणे

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिले दोन आठवडे धडे सुरू करण्याची घाई करू नये. या काळात प्रत्येक मुलाला स्वतंत्रपणे जवळ बसवून त्याचे वाचन ऐकावे. ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीत २००५ पासून वापरली जाणारी पायऱ्यांची मांडणी यासाठी पुरेशी आहे: सुटी अक्षरे, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मजकूर पाठ्यपुस्तकातला नसावा, कारण तो अनेक मुलांना ऐकून पाठ असतो. एका मुलाला साधारण चार मिनिटे लागतात. चाळीस मुलांच्या वर्गाला १६० मिनिटे लागतील, म्हणजे रोज २० मिनिटे काढली तर आठ दिवसांत काम होते. उरलेली मुले त्या वेळात चित्र काढतील किंवा पुस्तके चाळतील. त्यात वेळ वाया जात नाही.

चाचणीत दोन गोष्टी मी आवर्जून घालते. पहिली म्हणजे ‘लेमा’, ‘तीकर’, ‘मकी’ असे अर्थ नसलेले चार-पाच शब्द. मूल अंदाजाने किंवा आठवणीने वाचते की अक्षरे खरोखर उलगडते, हे अशा शब्दांवरून लगेच समजते. दुसरी म्हणजे वाचून झाल्यावर विचारलेला एक साधा प्रश्न, कारण याच्या उलट परिस्थितीही आढळते: मूल घडाघडा वाचते आणि काय वाचले ते सांगू शकत नाही. फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली मांडलेले सूत्र असे आहे की, वाचनक्षमता ही शब्द उलगडण्याचे कौशल्य आणि भाषेचे आकलन यांचा गुणाकार असते, बेरीज नव्हे. गुणाकारात एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य येते. चाचणीनंतर मुलाची कोणती बाजू कच्ची आहे हे नोंदवहीत लिहावे, कारण दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत आणि ‘वाचनात कच्चा’ एवढ्या शेऱ्यावरून कोणताच उपाय सुचत नाही.

दुसरी पायरी: वेळापत्रकात चार कप्पे

भाषेसाठी रोज सलग नव्वद मिनिटे मिळवावीत. २०२२ साली आलेल्या पायाभूत स्तराच्या (तीन ते आठ वर्षे वयाच्या मुलांसाठीच्या) राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात मौखिक भाषा, शब्द ओळखणे, वाचन आणि लेखन असे चार भाग सुचवले आहेत. ही विभागणी वर्गात चालते, फक्त ती मिनिटांवर घट्ट बसवू नये. साधारणपणे वीस मिनिटे गप्पा आणि प्रकट वाचन (मोठ्याने वाचून दाखवणे), पंचवीस मिनिटे अक्षर-शब्दांचे काम, पंचवीस मिनिटे मुलांचे स्वतःचे वाचन आणि वीस मिनिटे लेखन. चारही गोष्टी रोज व्हाव्यात हे महत्त्वाचे. सोमवारी वाचन, मंगळवारी लेखन, बुधवारी कविता अशी आठवड्याची वाटणी केली की लहान मुलांच्या बाबतीत मागचे पुसले जाते.

द्विशिक्षकी शाळेत पहिली आणि दुसरी एकत्र बसत असेल तर गप्पा आणि प्रकट वाचन दोन्ही इयत्तांचे एकत्र घ्यावे आणि अक्षरांचे काम गटांत करावे. एका गटासोबत शिक्षक बसलेले असताना इतर गटांकडे असे काम असावे की ज्यात मुलांना उठून विचारायला यावे लागणार नाही: ओळखीच्या मजकुराचे जोडीने वाचन, शब्दपट्ट्यांपासून वाक्य लावणे, चित्राखाली शब्द लिहिणे. हे स्वतंत्रपणे काम करणे मुलांना आधी शिकवावे लागते आणि त्यात पहिला महिना जातो. तो जाऊ द्यावा.

तिसरी पायरी: ऐकणे आणि आवाजांशी खेळणे

मुले बोलतात ती मराठी आणि पुस्तकातली मराठी यांत अंतर असते. मूल ‘केलं’, ‘आणलं’, ‘बघितलं’ म्हणते आणि पुस्तकात ‘केले’, ‘आणले’, ‘पाहिले’ असते. प्रमाण मराठी ज्या घरात बोलली जाते तिथल्या मुलालाही हे अंतर पार करावे लागते. अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलासाठी ते अधिक रुंद असते आणि कोरकू, गोंडी, पावरी बोलणाऱ्या मुलासाठी तर ती दुसरीच भाषा असते. म्हणून शिक्षकाने रोज एक गोष्ट पुस्तकातून वाचून दाखवावी. सांगावी असे नव्हे, वाचून दाखवावी. ‘तो म्हणाला’, ‘इतक्यात’, ‘त्यामुळे’, ‘जरी… तरी’ हे लिखित भाषेचे सांधे मुलांच्या कानांवर आधी पडले तरच पुढे डोळ्यांना ते ओळखीचे वाटतात.

घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांशी सुरुवातीचे महिने त्यांच्या भाषेतून बोलण्याला पर्याय नाही. शिक्षकाला ती भाषा येत नसेल तर मुलांकडूनच शंभरेक शब्द शिकून घ्यावेत, ते देवनागरीत लिहून भिंतीवर लावावेत आणि वाचनाचे पहिले शब्द म्हणून तेच वापरावेत. मुलाला ज्याचा अर्थ माहीत नाही तो शब्द उलगडूनही त्याच्या हाती काही लागत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा माध्यम म्हणून वापरावी असे म्हटलेच आहे.

याच कप्प्यात आवाजांचे खेळ घ्यावेत. ‘कमळ’ या शब्दात किती टाळ्या? ‘माती’मधला ‘मा’ काढला तर काय उरले? ‘का’ने सुरू होणारे शब्द सांगा. मराठी मुलांना शब्दाचे अक्षरांत तुकडे पाडणे लवकर जमते; ‘का’मध्ये ‘क्’ आणि ‘आ’ असे दोन आवाज आहेत हे मात्र बऱ्याच उशिरा कळते. काना-मात्रा शिकताना नेमके हेच लागत असल्यामुळे ‘का, की, के’ यांत काय सारखे राहिले आणि काय बदलले असा खेळ, पाटी-पेन्सिल न घेता, रोज पाच मिनिटे खेळावा.

चौथी पायरी: अक्षरगट, आणि पहिल्या पंधरवड्यातच वाक्य

आता मुख्य मुद्दा. मराठीत ३४ व्यंजने आहेत आणि प्रत्येकाची बारा रूपे धरली तर ४०८ अक्षरे होतात, जोडाक्षरे वेगळीच. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांशी तुलना केली तर भारतीय लिप्या शिकायला अधिक काळ लागणे स्वाभाविक आहे. कन्नडमध्ये प्राथमिक वाचनावर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासातूनही अक्षरज्ञानाची गती संथ असते आणि ते शिकणे अनेक वर्षे चालते असेच दिसते. जुन्या पद्धतीत आधी सगळे स्वर, मग सगळी मुळाक्षरे, मग बाराखडी, मग जोडाक्षरे आणि त्यानंतर वाक्ये असा क्रम असतो. त्यामुळे मुलाला पहिले अर्थपूर्ण वाक्य वाचायला वर्ष उलटते. तोपर्यंत वाचन म्हणजे आकार ओळखून आवाज काढणे, अशी त्याची समजूत पक्की झालेली असते.

याऐवजी थोडी व्यंजने आणि थोडी स्वरचिन्हे यांचा एक गट करावा. पहिला गट असा घेता येईल: क, म, ल, त, र ही पाच व्यंजने आणि काना, दुसरी वेलांटी, एक मात्रा ही तीन चिन्हे. यातून वीस अक्षरे मिळतात. त्यांतून काम, ताक, माती, रात, लाल, तेल, मला, कमी, तार, तीर, केर, कातर असे शब्द सहज होतात. आणि वाक्येही होतात: ‘मला तेल.’ ‘रमा काम करते.’ ‘मी कमी काम करते.’ हे शेवटचे वाक्य फळ्यावर लिहिले तेव्हा आधी दोघी हसल्या, मग ज्यांना वाचता आले नव्हते ती मुले त्या का हसल्या हे कळावे म्हणून पुन्हा फळ्याकडे वळली. पहिलीत अक्षरगट सुरू केल्यावर पंधरवड्यातच मुले फळ्यावरचे वाक्य वाचून हसत असतील, तर बाराखडी पूर्ण झाली की नाही याची चिंता करण्याचे कारण नाही.

गट निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. गटातून मुलांच्या बोलण्यातले पुरेसे शब्द झाले पाहिजेत. क्रियापद होऊ शकले पाहिजे, नाहीतर वाक्य होत नाही; म्हणूनच वरच्या गटात ‘र’, ‘त’ आणि मात्रा आहे. तिसरे, दिसायला जवळची अक्षरे एका गटात येऊ नयेत: घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य, प आणि ष. यांतले एक अक्षर पक्के झाल्यावर काही आठवड्यांनी दुसरे आणावे. ‘ख’ हा ‘रव’ असा वाचला जातो, तोही थोडा उशिराच घ्यावा. ‘ङ’ आणि ‘ञ’ यांना पहिलीत जागा देण्याचे कारण मला कधीच समजलेले नाही. मराठी शब्दांत ती अक्षरे सुटी येत नाहीत आणि मुले ती केवळ तक्त्यासाठी शिकतात.

अक्षरगटाचा रोजचा पाठ साधारण असा चालतो. आदल्या दिवशीची अक्षरे कार्डांवर उलटसुलट क्रमाने दाखवायची; क्रमाने दाखवली की मुले पाहत नाहीत, म्हणतात. मग एक नवे अक्षर ओळखीच्या शब्दातून आणायचे, त्याचा आवाज म्हणायचा, ते हवेत, जमिनीवर आणि शेवटी पाटीवर काढायचे. त्यानंतर ते जुन्या अक्षरांशी जोडून शब्द करायचे आणि अखेरीस त्या शब्दांचे वाक्य. प्रत्येक मुलाने निदान एक शब्द एकट्याने वाचला पाहिजे. सामूहिक घोष शेवटी घ्यावा, आधी घेतला तर पुढची मुले वाचतात आणि मागची ऐकून म्हणतात.

सुटी अक्षरे वाचता येतात पण शब्द जुळत नाही, ही तक्रार प्रत्येक शिक्षकाची असते. ‘क… र… व… त’ असे प्रत्येक अक्षर पूर्ण ‘अ’सह म्हणून मूल थांबते, कारण ‘करवत’चा उच्चार त्या चार तुकड्यांच्या बेरजेसारखा नसतो. आपण ‘कर्-वत्’ म्हणतो. इथे एक साधी युक्ती उपयोगी पडते: काना-मात्रा नसलेला चार अक्षरी शब्द दोन-दोन असा तोडावा, जसे ‘कर-वत’, ‘सर-पण’, तीन अक्षरी शब्द एक-दोन असा तोडावा, जसे ‘क-मळ’, ‘ब-दक’. बोटाने शब्दाचा अर्धा भाग झाकून वाचायला लावले की पाचसात दिवसांत मुलांना ते अंगवळणी पडते.

पाचवी पायरी: वेलांटी, रफार आणि ‘म्हणाला’

देवनागरीत डोळ्यांचा आणि कानांचा क्रम काही ठिकाणी जुळत नाही, आणि नेमक्या तिथे मुले अडकतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि नंतर ऐकू येते. रफार याच्या उलट: ‘सूर्य’मधला र् ‘य’च्या डोक्यावर दिसतो पण ‘य’च्या आधी उच्चारला जातो. मूल ‘सूयर’ असे वाचते तेव्हा ते निष्काळजी नसते. डावीकडून उजवीकडे वाचण्याचा आपणच शिकवलेला नियम ते पाळत असते. अशा वेळी “नीट बघ” असे म्हणून काहीच साधत नाही. ‘सूर् – य’ असे दोन कार्डांवर लिहावे, दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून म्हणून घ्यावे आणि मग तो र् उचलून पुढच्या अक्षरावर बसवून दाखवावा. ‘र’चे चारही वेष, म्हणजे रफार, ‘तऱ्हा’मधला ऱ, ‘चक्र’मधला आणि ‘ट्रक’मधला र, वेगवेगळ्या आठवड्यांत घ्यावेत. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ ही जोडी चौथीत घेतली तर मुलांना ती आवडते, पण पहिलीत तिचा काही उपयोग नाही.

‘च’, ‘ज’, ‘झ’ यांचे दोन-दोन उच्चार आहेत. ‘चार’ आणि ‘चाक’, ‘जीभ’ आणि ‘जागा’ वाचताना अक्षर तेच असते, आवाज निराळा. ओळखीचा शब्द असेल तर मूल स्वतःच उच्चार दुरुस्त करते. त्याला तेवढा वेळ द्यावा. हे समजावून सांगण्याच्या फंदात मात्र पहिलीत पडू नये.

जोडाक्षरांचा पारंपरिक क्रम मात्र पूर्णपणे बदलावा, असे माझे मत आहे. सगळी बाराखडी झाल्यावर जोडाक्षरे असा क्रम ठेवला तर मुलाला एकही खरी गोष्ट वाचता येत नाही, कारण ‘म्हणाला’, ‘त्याने’, ‘माझ्या’, ‘त्यांच्या’, ‘आम्ही’ हे शब्द मराठी गोष्टीच्या जवळजवळ प्रत्येक पानावर असतात. असे दहा-बारा शब्द दुसऱ्या अक्षरगटानंतरच अखंड चित्रासारखे ओळखायला शिकवावेत, त्यांची कार्डे भिंतीवर ठेवावीत आणि जोडाक्षर कसे बनते याचे स्पष्टीकरण पुढे ढकलावे. दुसरीत ते स्पष्टीकरण आले की, ‘म्ह’ म्हणजे दांडी गेलेला म आणि त्याला चिकटलेला ह, हे मुलांना आपोआप पटते.

सहावी पायरी: वाचनाचा वेग आणि अर्थ

निपुण भारत हे पायाभूत वाचन-लेखन आणि गणितासाठीचे केंद्र सरकारचे अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले. तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत असे त्याचे लक्ष्य आहे. वेगाचा आग्रह कशासाठी, असे काही शिक्षक विचारतात. मिनिटाला वीस शब्द वाचणाऱ्या मुलाला दहा शब्दांच्या वाक्यासाठी अर्धे मिनिट लागते आणि वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवातीचा कर्ता त्याच्या लक्षात राहिलेला नसतो. वेग हा स्पर्धेसाठी नसून अर्थासाठी लागतो. म्हणूनच घड्याळ लावून मुलांची शर्यत घेणे मला मान्य नाही.

वेग वाढतो तो एकच मजकूर तीन-चार वेळा वाचल्याने. आधी शिक्षकाने तो चांगला वाचून दाखवावा, मग मुलांनी शिक्षकाबरोबर वाचावा, मग जोडीने एकमेकांना ऐकवावा आणि दुसऱ्या दिवशी एकट्याने. मजकूर इतका सोपा असावा की दहा शब्दांत एखादाच अडेल. मूल अडले की शेजारचे मूल लगेच शब्द सांगते, ती सवय मोडावी आणि मनातल्या मनात पाच आकडे मोजायचा नियम ठेवावा. तेवढ्यात मूल बहुतेक वेळा स्वतःच उलगडते.

अर्थासाठी प्रश्न बदलावे लागतात. “कोल्हा कुठे गेला?” या प्रश्नाचे उत्तर पानावर शब्दशः असते आणि न समजताही ते शोधता येते. “कोल्हा खोटे बोलतो आहे हे तुला कधी कळले?” या प्रश्नासाठी मुलाला पान मागे उलटावे लागते. गोष्ट वाचून दाखवताना मध्ये एकदाच थांबावे, “आता काय होईल?” असे विचारावे आणि उत्तराला “तुला असे का वाटते?” एवढाच पुढचा प्रश्न जोडावा. दर दोन ओळींना थांबून प्रश्न विचारले तर गोष्टच मरते. वर्गात पुस्तके उघड्या फळीवर, मुलांचा हात पोचेल अशी ठेवावीत. ती फाटतील, आणि कपाटात सुरक्षित राहिली तर कोणी वाचणार नाही.

सातवी पायरी: लेखन म्हणजे स्वतःचे काही सांगणे

गिरवणे आणि अनुलेखन यांना जागा आहे, पण ती हाताच्या वळणापुरती. त्यांत मुलाला काय लिहावे हे ठरवावे लागत नाही आणि आवाजाचे अक्षर कसे करावे हेही ठरवावे लागत नाही; आणि लेखन म्हणजे हे दोन निर्णय घेणे. म्हणून पहिलीच्या पहिल्या महिन्यापासून मुलाने रोज चित्र काढावे, त्याबद्दल एक वाक्य बोलावे आणि ते शिक्षकाने चित्राखाली लिहून त्याच्यासमोर वाचावे. आपले बोलणे कागदावर उतरते आणि उद्याही तसेच वाचता येते, हा शोध मुलासाठी मोठा असतो. दोन-तीन महिन्यांत मुले त्या वाक्यातला एखादा शब्द स्वतः लिहू लागतात आणि मग पूर्ण वाक्य.

हे स्वतःचे लेखन सुरुवातीला अशुद्ध असणार. दुसरीतल्या एका मुलाच्या वहीतल्या या ओळी पाहाव्यात: ‘आमि काल शेतात गेलो. मि पानी आनल. बयल पळला.’ लाल शाई हातात घेतली तर बारा शब्दांहूनही कमी मजकुरात पाच-सहा खुणा होतील आणि उद्या तो मुलगा दोनच शब्द लिहील, तेही अगदी बरोबर येणारे. नीट पाहिले तर या चुका एका जातीच्या नाहीत. ‘बयल’ ही चूक नसून उत्तम ऐकणे आहे; त्याला ‘ऐ’चे चिन्ह अजून आलेले नाही, एवढेच. ‘पानी’ आणि ‘आनल’ यांत ‘ण’ नाही, कारण तो त्याच्या घरच्या बोलण्यात नाही. ते वाचनातून हळूहळू येईल. ‘आमि’मध्ये जोडाक्षराचा प्रश्न आहे आणि भिंतीवरच्या ‘आम्ही’ या कार्डाकडे बोट दाखवले की काम होते. शिकवण्याजोगी गोष्ट एकच आहे: ‘आमि’ आणि ‘मि’ या दोन्ही शब्दांत अखेरची वेलांटी ऱ्हस्व आहे.

शिक्षकाने आधी मजकुराला उत्तर द्यावे. “बैल पळाला? कुठे?” असे विचारल्यावर त्या मुलाने आणखी दोन वाक्ये लिहिली. त्यानंतर तेवढी एकच दुरुस्ती घ्यावी: मराठी शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी दुसरी असते, जसे मी, पाणी, वही. असा नियम एका आठवड्याला एकच घ्यावा आणि त्या आठवड्यात फक्त तीच चूक तपासावी. १९६२ साली मान्य झालेले १४ आणि १९७२ साली जोडलेले ४ असे लेखनाचे एकूण १८ नियम आहेत. प्राथमिक वर्गांत त्यांतले दोन-तीनच पुरतात. अखेरचा इकार-उकार दीर्घ, हा दुसरी-तिसरीत. ‘फूल – फुलाला’, ‘मीठ – मिठात’, ‘बहीण – बहिणीला’ असा उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, स्वराचा बदल चौथीत, तोही नियम न सांगता जोड्या लिहून मुलांनाच शोधायला लावावा. ‘आणि’ हा शब्द पहिल्या नियमाला अपवाद आहे हे एखादे मूल नेमके शोधून काढते आणि विजयी मुद्रेने विचारते. त्याला शाबासकी द्यावी.

श्रुतलेखनही उपयोगी आहे, पण शिकवलेल्या अक्षरगटांतलेच शब्द असतील आणि ते तपासून झाल्यावर मुलाने स्वतःची चूक स्वतः पाहिली असेल तर. चुकलेला शब्द दहादा लिहायला लावला तर चौथ्या ओळीपासून मूल वरची ओळ पाहून उतरवते आणि शब्दाकडे पाहतच नाही. त्यापेक्षा शब्द पाहणे, झाकणे, आठवून लिहिणे आणि उघडून ताडून पाहणे असे दोनदा करून घ्यावे.

मागे राहिलेली मुले आणि मुख्याध्यापकांचे काम

तिसरी-चौथीत अक्षरांपाशी अडलेले मूल असेल तर त्याला चौथीच्या धड्याचे अनुलेखन देण्यात अर्थ नाही. या दोन इयत्तांसाठी रोज एक तास असा ठेवावा की ज्यात मुले इयत्तेनुसार न बसता वाचनाच्या पातळीनुसार गटांत बसतील. दर महिन्याला पुन्हा वाचन ऐकून गट बदलावेत. गट न बदलणे म्हणजे मुलावर कायमचा शिक्का मारणे आहे. सर्वांत मागे असलेल्या गटाला शाळेतले सर्वांत अनुभवी शिक्षक द्यावेत. बहुतेक शाळांत याच्या उलट घडते.

मुख्याध्यापकांनी पाठटाचणे आणि पूर्ण झालेल्या धड्यांची यादी तपासण्याऐवजी दर आठवड्याला प्रत्येक वर्गातल्या पाच मुलांचे अनोळखी मजकुराचे वाचन स्वतः ऐकावे. ही मुले शिक्षकांनी निवडलेली नसावीत, हजेरीपटावरून कोणतीही घ्यावीत. अभ्यासक्रम कुठे पोचला यापेक्षा मुले कुठे पोचली याची चर्चा शिक्षकांच्या बैठकीत सुरू होते ती अशा ऐकण्यातून. पालकांकडून घरी अभ्यास घेण्याची अपेक्षा ठेवू नये. मुलाने शाळेतून नेलेली गोष्ट रोज पाच मिनिटे ऐकून घ्या, एवढेच सांगावे. ज्या पालकांना स्वतःला वाचता येत नाही त्यांनाही हे करता येते.

दोन महिन्यांत जराही न सरकलेले मूल असेल तर पद्धतीला दोष देण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. हजेरी: आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या मुलाला अक्षरगट मध्येच तुटतो आणि प्रत्येक वेळी नव्याने सुरुवात करावी लागते. डोळे: मागच्या भिंतीजवळ उभे करून फळ्यावरचे आकडे वाचायला लावावेत. कान: पाठमोरे उभे करून हलक्या आवाजात ‘पान – बाण’, ‘ताट – दाट’ अशा जोड्या आपण म्हणाव्यात आणि मुलाला परत म्हणायला लावाव्यात. शंका आली तर आरोग्य तपासणीच्या दिवसाची वाट न पाहता पालकांशी बोलावे. तिन्ही ठीक असतील तर मूल शेवटचे जिथे पक्के होते त्या अक्षरगटावर मागे जावे आणि दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटे, एकट्याने बसवून शिकवावे.

एप्रिलमध्ये चाचणी पुन्हा घ्यावी, मजकूर नवा आणि पातळी तीच. निकालपत्रकातल्या श्रेणीवरून पुढच्या शिक्षकाला काही कळत नाही, म्हणून प्रत्येक मुलासाठी नोंदवहीत तीन ओळी लिहाव्यात: कोणते अक्षरगट आणि कोणती जोडाक्षरे येतात, वाचताना कुठे अडते, आणि स्वतःहून लिहिलेले शेवटचे वाक्य जसेच्या तसे. ही नोंदवही जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी पुढच्या वर्गशिक्षकाच्या हातात पडली, तर त्याचे पहिले दोन आठवडे आठ दिवसांवर येतात.